सणावारांची चिकटवही

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना शाळेंतील चिकटवहीची आठवण झाली असेल. वर्तमानपत्रांतील चित्रें कापावीं, पोस्टाचीं तिकिटें, वाळलेलीं पानें आणि काडेपेटीवरील छाप गोळा करावे, आणि तें सारें एका जाड वहींत चिकटवून वर्गांत मिरवावें, हा मुलांचा छंद पुष्कळांच्या परिचयाचा आहे. मला आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती वही मुलांची नव्हे. ती साऱ्या घराची आहे. आपल्या घरांत जे सण, जीं व्रतें, जे वाढदिवस आणि जे कुळाचार दरवर्षीं ठरल्या वेळीं येतात, त्यांची दर वर्षास एक पान याप्रमाणें नोंद ठेवणारी वही, एवढाच माझ्या विषयाचा अर्थ आहे.

यावर पहिला आक्षेप कोणता निघेल हें मी जाणतें. गुढी दरवर्षीं तीच, मोदक तेच, फराळाचीं ताटेंहि तींच. मग दरवर्षीं निराळें लिहावयाचें तें काय? लग्न, मुंज, गृहप्रवेश हे प्रसंग एकदांच घडतात, म्हणून त्यांचीं छायाचित्रें आपण कौतुकानें जपतों. जें पुनः पुनः घडतें तें कोठें जाणार आहे, अशी आपली समजूत असते. परंतु सण तोच राहतो म्हणूनच त्याच्या शेजारीं उभीं असलेलीं माणसें किती बदललीं तें दिसूं शकतें. दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीची खूण करतांना चौकट हलत नाहीं, म्हणूनच मूल किती वाढलें तें कळतें. सण ही घराची तशी चौकट आहे. मात्र खूण करण्याचें काम आपलें आहे. तें राहून गेलें तर वीस वर्षांच्या वीस दिवाळ्या आठवणींत एकमेकींत मिसळून त्यांची एकच दिवाळी होते.

ही कल्पना परकी आहे असें मात्र कोणी मानूं नये. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यानें पानांवर आधींच डिंक लावून ठेवलेल्या चिकटवहीचें पेटंट १८७३ सालीं घेतलें होतें, हें खरें. पण वर्षावर्षाची नोंद ठेवण्याची चाल आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे. भोरजवळील कारी या गांवच्या जेधे देशमुखांच्या घराण्यांत एक शकावली होती. शक, महिना, तिथि आणि एकदोन ओळींत घडलेली गोष्ट, एवढेंच तिचें स्वरूप. ती शकावली १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्धीस आणली, आणि तींतील शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया या नोंदीमुळें शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादाला निराळें वळण लागलें. आज महाराष्ट्र शासन ज्या १९ फेब्रुवारीस शिवजयंती साजरी करतें, त्या तारखेच्या मुळाशीं एका घराण्यानें जपलेली अशी कोरडी नोंद आहे. ती लिहिणाऱ्याला आपल्या त्या ओळीचें पुढें केवढें मोल होणार आहे, याची कल्पना कोठून असणार?

आपल्या घरींहि अशी एक शकावली दरवर्षीं तयार होते, आणि आपण ती दरवर्षीं टाकून देतों. 'कालनिर्णय' १९७३ सालीं निघूं लागलें, तेव्हांपासून असंख्य मराठी घरांच्या भिंतींवर तें टांगलेलें आहे. त्याच्या चौकटींत गृहिणी लिहीत आली आहे: दूध आलें नाहीं, गॅस लावला, कामाच्या बाईंची रजा, माहेरचीं माणसें आलीं, मामंजींचें श्राद्ध. त्या बारा पानांवर घराचें एक संपूर्ण वर्ष असतें. नवें वर्ष लागलें कीं तें रद्दींत जातें किंवा मुलांच्या पुस्तकांना त्याचीं वेष्टणें होतात. तेवढीं बारा पानें जपून ठेविलीं तरी वहीची सुरुवात झाली असें समजावें.

आतां या वहीवांचून काय हरवतें तें पाहूं. ज्येष्ठागौरींचें उदाहरण घ्या. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर, एवढें पंचांग सांगतें. पण कोणाकडे पाणवठ्यावरून खडे आणून खड्यांच्या गौरी बसवितात, कोणाकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात, तर कोणाकडे तेरड्याच्या रोपांची गौर येते. कोठें पुरणपोळी आणि सोळा भाज्या, कोठें घावन-घाटलें, तर कोठें सामिष नैवेद्य. गौर कोणत्या दारानें आणावयाची, सुताच्या दोऱ्याला गांठी किती द्यावयाच्या, पहिलें हळदीकुंकू कोणाला, हें कोणत्याहि पोथींत छापलेलें नाहीं. तें एका सासूच्या किंवा आजेसासूच्या ध्यानांत असतें. ती आहे तोंवर विचारण्याची गरज वाटत नाहीं, आणि गरज वाटते त्या दिवशीं ती नसते.

स्वयंपाकघराची गोष्ट याहून निराळी नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक १९१० सालीं निघालें. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं प्रसिद्ध झाली. अशा ग्रंथांनीं लक्षावधि घरांना हात दिला. परंतु आपल्या घरच्या चकलीच्या भाजणींत तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती आणि धणे-जिरे किती, हें पुस्तक कसें सांगणार? आजीला विचारावें तर ती म्हणते, "अंदाजानें घालायचे, बाळ." तो अंदाज पन्नास दिवाळ्यांनीं शिकविलेला असतो. तिनें मूठभर धान्य घातलें कीं तें वाटीनें मोजून त्या वर्षाच्या पानावर लिहून ठेवणें, हें नातीचें काम आहे. तें एका दिवाळींत होऊन जातें. राहिलें तर पुढें कधींच होत नाहीं.

आणखी एक विचार मनांत येतो. आपल्याकडील अनेक कुळांनीं मोठ्या परिश्रमानें कुलवृत्तांत छापले आहेत. त्यांतील वंशावळ पित्याकडून पुत्राकडे जाते. ज्यांच्या हातांनीं घरचा सण उभा राहिला त्या सासवा, सुना, लेकी आणि नणंदा बहुधा एखाद्या ओळीपुरत्याच तेथें येतात. अमक्या वर्षीं एकशें एक मोदक कोणी वळले, तापांत असतांहि पहांटे उठून रांगोळी कोणी घातली, हें वंशावळींत मावत नाहीं. सणाच्या वहींत मात्र त्यांचीं नांवें आपोआपच पहिल्या ओळींत येतील, कारण सणाचें काम करणाऱ्याचें नांव वगळून सणाची नोंदच होऊं शकत नाहीं.

कोरडी वार्षिक नोंद सातत्यानें ठेविली तर ती कोठवर उपयोगीं पडते, याचें एक दूरचें उदाहरण सांगतें. जपानांतील क्योतो शहरीं चेरीच्या बहराचा सोहळा शतकानुशतकें होत आला आहे. राजदरबारच्या बखरींत, सरदारांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशींत त्या बहराचे दिवस टिपलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुनी नोंद इसवी सन ८१२ ची आहे. लिहिणारांच्या मनांत शास्त्र नव्हतें. त्यांनीं आपल्या उत्सवाचा दिवस लिहून ठेवला, एवढेंच. मधलीं कांहीं वर्षें रिकामीं आहेत, तरी त्या तारखा एकापुढें एक मांडून आजचे शास्त्रज्ञ हवामान कसें बदलत आलें तें वाचतात. २०२१ सालीं तेथें २६ मार्चलाच पूर्ण बहर आला. तोंवरच्या बाराशें वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर आलेला बहर दुसरा नव्हता.

आपल्या गोमंतकांतील माटोळीचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. चवथीला गणपतीच्या मस्तकावर लांकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन आणि रानांतील कितीतरी फळें, फुलें व वनस्पति बांधतात. माटोळींत यंदां काय बांधलें आणि तें कोणत्या डोंगरावरून आणलें, याची यादी एखाद्या घरानें दरवर्षीं केली, तर तीस वर्षांनीं ती यादी त्या गांवच्या रानाचा इतिहास होईल. कोणतें फळ रानांतून आणावयाचें थांबलें आणि बाजारांतून विकत आणावें लागूं लागलें, तें वर्षासह कळेल. दाराशीं आंब्याचें झाड असेल तर अक्षय्यतृतीयेच्या पानावर पहिला आंबा केव्हां उतरला तें लिहावें. नाताळांत वसईच्या घरीं मांडलेला गोठा असो, ईदेच्या दिवशींचा शीरखुर्मा असो, ज्याचा जो सण त्याचें तें पान.

आतां वही कशी करावी तें थोडक्यांत सांगतें. बहुतेक लोक अशी वही वर्षवार करतात; एका वर्षाचे सारे सण एकत्र. माझी सूचना याच्या उलट आहे. वहीचे भाग सणवार पाडावे आणि प्रत्येक भागांत वर्षांमागून वर्षें येऊं द्यावीं. त्यासाठीं सुटीं पानें मागाहून ओवतां येतील अशी वही घ्यावी. दिवाळीच्या भागांत मुलांच्या किल्ल्यांचीं बारा चित्रें एकापुढें एक लागलीं म्हणजे पहा काय होतें. पांचव्या वर्षींचा किल्ला म्हणजे मातीचा ढीग, त्यावर उगवलेले हळीव आणि बुरुजापेक्षां उंच असा एक मावळा. दहाव्या वर्षीं त्याला तट, माची आणि पाण्याचें टांकें येतें. पंधराव्या वर्षीं तो खरोखरीचा राजगड होऊं पाहतो. आणि मग एका वर्षीं पान कोरें राहतें, कारण किल्ला करणारा शिकावयास परगांवीं गेलेला असतो. त्या कोऱ्या पानावरहि वर्ष घालावें.

दुसरी सूचना काळासंबंधीं. प्रत्येक पानावर तिथि आणि तारीख दोन्ही लिहाव्या. आपलें चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, म्हणून सण दरवर्षीं तारखेनें साधारण अकरा दिवस अलीकडे येतो, आणि अधिक मास पडला कीं पुनः पुढें सरकतो. गणेशचतुर्थी २०२३ सालीं १९ सप्टेंबरला, २०२४ सालीं ७ सप्टेंबरला आणि २०२५ सालीं २७ ऑगस्टला आली. साधारणपणें एकोणीस वर्षांनीं तिथि आणि तारीख पुनः जवळ येतात. २००४ आणि २०२३ या दोन्ही वर्षीं अधिक श्रावण होता, आणि चतुर्थी अनुक्रमें १८ व १९ सप्टेंबरला आली. मकरसंक्रांत मात्र सूर्याच्या गतीनें चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारी सोडीत नाहीं. हें गणित मुलांना कंटाळवाणें वाटतें; पण घरच्याच वहींत त्यांना तें सांपडलें, तर तीं तें विसरणार नाहींत.

तिसरी सूचना अशी कीं, दरवर्षीं तेच प्रश्न विचारावे. कोण आलें, कोण येऊं शकलें नाहीं? कोणतें काम कोणी केलें? कोणता पदार्थ किती केला? नारळाचा, फुलांचा आणि मूर्तीचा भाव काय होता? यंदां नवें काय आलें, जुनें काय सुटलें? एवढे पांच प्रश्न पुरेत. छायाचित्रहि एकाच जागीं घ्यावें: तेंच दार, तीच पायरी, तेंच तुळशीवृंदावन. वर्णनाचा फुलोरा नको. 'सण आनंदांत पार पडला' हें वाक्य वीस पानांवर वीस वेळां लिहिलें तरी त्यांतून कांहींच कळत नाहीं. 'नारळ महाग म्हणून मोदक एकवीसच केले. धाकटीनें पहिला मोदक स्वतः वळला, तो उकडतांना फुटला' ही ओळ मात्र पन्नास वर्षांनीं वाचली तरी ताजी राहील.

वही टिकावी यासाठीं सामानाकडेहि लक्ष दिलें पाहिजे. पारदर्शक चिकटपट्टी कांहीं वर्षांनीं पिवळी पडते आणि कागदावर डाग ठेवते. गव्हाच्या पिठाची खळ कसर आणि झुरळें यांना आमंत्रण देते. प्लास्टिकचा पडदा असलेले चिकट पानांचे आल्बम तर छायाचित्रांचे वैरीच होत. चित्र एकदां बसलें कीं निघत नाहीं. म्हणून चित्राचे चारी कोपरे कागदी कोनांत अडकवावे, म्हणजे डिंक चित्राला लागत नाहीं. वर्तमानपत्राचें कात्रण लवकर पिवळें पडून ठिसूळ होतें. त्याची चांगल्या कागदावर प्रत काढावी. दुकानांतील यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरील अक्षरें तर उडूनच जातात. आंकडे हातानें उतरून घ्यावे. आजीनें स्वतःच्या हातानें लिहिलेली कृति असेल तर तिची सुवाच्य नक्कल शेजारीं ठेवावी, पण मूळ कागद फेकूं नये. त्यावरचा तुपाचा डाग हाहि त्या कृतीचाच भाग आहे. आणि प्रत्येक छायाचित्राच्या मागें कडेला मऊ पेन्सिलीनें हलकेंच नांवें लिहावीं. जुन्या पेट्यांतून किती गोड चेहरे आपल्याकडे पाहत असतात, आणि तीं आपलींच माणसें असून आपण त्यांना ओळखत नाहीं!

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत भ्रमणध्वनि आहे, एका गणेशोत्सवाचीं पांचशें चित्रें त्यांत जमा होतात, मग वहीची गरज काय, असें तरुण मंडळी विचारतील. पांचशें चित्रें आहेत हीच तर अडचण आहे. तीं कोणी निवडीत नाहीं, कोणी त्यांखालीं नांवें लिहीत नाहीं, आणि यंत्र बदललें कीं तीं बहुधा मागें राहतात. पांचशांतून पांच निवडून कागदावर छापून घेण्यांत जो विचार करावा लागतो, तो विचार म्हणजेच ही वही.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही वही खरी असली पाहिजे. ज्या वर्षीं घरांत किंवा भाऊबंदांत मृत्यु झाला आणि सण झाला नाहीं, त्या वर्षाचें पान गाळूं नये. 'यंदां सण नाहीं' एवढें लिहून गेलेल्या माणसाचें नांव घालावें. २०२० सालीं महामारीमुळें शासनानें घरगुती मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली होती. कित्येक घरीं त्या वर्षीं आरतीला चारच माणसें होतीं, आणि बाकीचीं यंत्राच्या पडद्यावरून टाळ्या वाजवीत होतीं. तें पान उत्सवाचें म्हणून फिकें असेल, पण पुढील पिढीला तेंच सर्वांत अधिक सांगेल. दोन भाऊ वेगळे झाले आणि गणपति एका घरचे दोन घरीं बसूं लागले, तेंहि दोष न देतां लिहावें.

खरेपणाचा दुसरा लाभ याहून मोठा आहे. घरांत वाद होतात तेव्हां, "आपल्याकडे पहिल्यापासून असेंच चालत आलें आहे," हें वाक्य सर्वांचें तोंड बंद करतें. वही उघडली म्हणजे कळतें कीं तें पहिल्यापासून तसें नव्हतें. दहा दिवसांचा गणपति नोकरीच्या अडचणीनें दीड दिवसाचा झाला होता. तेलाचे दिवे जाऊन विजेच्या माळा आल्या होत्या. शाडूची मूर्ति घरच्याच बादलींत विसर्जन करण्याची चाल अमक्या वर्षीं सुनेनें सुचविली आणि सासूनें मान्य केली होती. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनींहि परंपरा नुसती पाळली नाहीं. प्रसंग पाहून ती बदलली. हळदीकुंकवाचीच गोष्ट घ्या. ज्या स्त्रियांचा पति निवर्तला त्यांना या समारंभाला न बोलावण्याची चाल आपल्याकडे दीर्घकाळ चालली. २०२२ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवानें विधवांसंबंधींच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याची सर्वत्र चर्चा झाली. आपल्या घरच्या संक्रांतीच्या पानांवर निमंत्रितांच्या याद्या असतील, तर एका वर्षीं एका काकूंचें नांव यादींतून गळलेलें दिसेल. पुढें एखाद्या वर्षीं तें पुनः आलें, तर तें कोणाच्या आग्रहानें आलें हेंहि दिसेल. आणि नांव अजून आलें नसेल, तर ती रिकामी ओळ वाचणाराला स्वस्थ बसूं देणार नाहीं.

हें काम कोणा एकाच्या गळ्यांत घालूं नये; विशेषतः जिनें चार दिवस स्वयंपाक केला तिच्या गळ्यांत तर नकोच. सण आटोपला त्या संध्याकाळीं पंधरा मिनिटें सर्वांनीं एकत्र बसावें. मुलानें विचारावें, आजीनें सांगावें, ज्याचें अक्षर चांगलें त्यानें लिहावें, आणि वडिलांनीं चित्रें निवडून लावावीं. दूर देशीं राहणाऱ्या लेकीनें तिकडच्या सोयीप्रमाणें शनिवारीं साजरा केलेला सण पत्रानें कळवावा आणि तें पत्रहि त्याच पानावर लागावें. वहीची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी, म्हणजे पाणी, आग किंवा वाळवी यांनीं एक गेली तरी दुसरी राहील.

श्रोतेहो, यासाठीं मुहूर्ताची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या घरीं जो सण सर्वांत आधीं येणार असेल त्याच्यापासून आरंभ करावा. मागचीं वर्षें लिहिलीं गेलीं नाहींत, याचा खेद करीत बसूं नये. मात्र घरांत जें सर्वांत वडील माणूस असेल त्याच्याजवळ आजच जाऊन बसावें, आणि त्याच्या लहानपणीं हा सण कसा होत असे तें विचारून पहिल्या पानावर लिहून घ्यावें. दुसरें पान येत्या सणाला आपोआप भरेल.